नवतप्यात बर्फ

हौशी : यंदाचा नवतपा सावंगीत काढायचा नाही, सर. २५ मेला रोहिणी लागली की आम्ही तिघं निघणार, आणि ते नऊ दिवस आल्प्समधल्या एका हिमनदीवर स्की शिकणार. हसा तुम्ही. आतापर्यंत प्रत्येकाने दोनच प्रश्न विचारलेत : पैसे किती, आणि चिखलदरा काय वाईट? चिखलदऱ्याला मी वीसदा गेले असेन, पुढेही जाईन. पण मला नुसती थंड हवा नकोय. आणि टूरवाल्यांचा बर्फही नकोय. माझ्या नणंदेने केलंय ते. टिटलिसवर केबल कारने चढायचं, शाहरुख-काजोलच्या कटआऊटशेजारी फोटो काढायचा, अर्धा तास एकमेकांच्या अंगावर बर्फ फेकायचा आणि बोटं बधिर झाली की खाली येऊन गरम काहीतरी प्यायचं. बर्फाला तिने लांबून नमस्कार केला एवढंच. मला त्यावर उभं राहता आलं पाहिजे, घसरता आलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे थांबता आलं पाहिजे. बेचाळिसावं चालू आहे. लोकांच्या गुडघ्यांवर माझं पोट चालतं, त्यामुळे माझे गुडघे अजून किती वर्षं हे सोसतील याचा मला अंदाज आहे. चार-पाच वर्षं. मग नाही.

शंकेखोर : पैशांचं मी विचारत नाही बाप्पा. एका लग्नाच्या मंडपात लोक उडवतात त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. माझी शंका पंचांगाची आहे. आपण आणि ते एकाच गोलार्धातले. आपला उन्हाळा तो त्यांचाही उन्हाळा, फक्त सौम्य. एप्रिल संपता संपता तिकडची बहुतेक स्कीची गावं पाळणे बंद करून, कुलपं लावून मोकळी होतात. जानेवारीत जिथे लोक घसरतात त्याच उतारावर मेअखेरीला गाई चरत असतात. तीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलंय. तू मला नवतप्यात बर्फ सांगतेस तेव्हा पहिलं हेच मनात येतं की कुणी गंडवत तर नाही नं?

हौशी : म्हणूनच तर हिमनदी. हा शोध मला लागायला दोन महिने गेले. पोराला दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी, मध्ये काही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या परीक्षा डोक्यावर, माझ्या विद्यार्थ्यांच्याही. म्हणजे जेव्हा सगळ्या जगाला बर्फ मिळतो तेव्हा विदर्भातल्या माणसाला रजा मिळत नाही. उलट आपल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पुण्या-मुंबईच्याही नंतर. मे-जूनमध्ये लिफ्ट चालू असतात अशा जागा आल्प्समध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या सगळ्या हिमनदीवर. स्वित्झर्लंडमध्ये झर्माट : गाव १,६०० मीटरवर, वरचं स्टेशन ३,८८३ मीटरवर. ऑस्ट्रियात हिंटरटुक्स : गाव १,५०० मीटरवर, पाळणा ३,२५० मीटरपर्यंत, आणि वर्षाचे ३६५ दिवस चालू. झर्माट मी सोडलं. फ्रँक शंभर रुपयांच्या वर, दिवसाचा पासच ८०-१०० फ्रँकच्या घरात, आणि एका दमात पावणेचार हजार मीटरवर पोराला न्यायची हिंमत नाही. हिंटरटुक्सला मुंबईहून म्युनिक, तिथून रेल्वेने येनबाख, पुढे अरुंद रुळांची गाडी मायरहोफेनपर्यंत, मग बस. ती छोटी गाडी म्हणजे आपली पुलगाव-आर्वीची शकुंतला समजा. फरक एवढाच की ती अजून चालते.

शंकेखोर : शकुंतलेचं नाव काढून मला विरघळवू नकोस. तू जे सांगितलंस त्याचा अर्थ असा झाला की हिमनदी तू निवडली नाहीस, शाळेच्या वेळापत्रकाने निवडली. आता नवशिक्याच्या बाजूने विचार कर. जानेवारीत आलेला पोरगा गावालगतच्या सपाटशा उतारावर शिकतो. पडला तरी आई दहा पावलांवर. मेअखेरीला तो उतार हिरवा झालेला. तुला शिकायलाही ढगांच्या वर जावं लागणार. तिथे ऊन चढलं की अकरा-बारापासून बर्फाचा चिखल होतो, लिफ्ट लवकर थांबतात. म्हणजे सकाळचे तीन-चार तास हाती. त्यात पहिला तास बूट घालण्यात. निळ्या खुणेचे सोपे उतार त्या दिवशी उघडे असतील की नाही ते बर्फ ठरवणार. शिकवणारा कोण, त्या महिन्यात तो तिथे असतो का? जे काम जानेवारीत खाली उभं राहून जमतं, ते तू तीन हजार मीटरवर, दुप्पट खर्चात आणि निम्म्या वेळात करणार. शिकायचंच तर गुलमर्ग आहे. सरकारी संस्था आहे, कोर्स आहेत, मास्तर हिंदी बोलतो.

हौशी : गुलमर्गचा मोसमही जानेवारी ते मार्च, तिथेही रजेचं गाडं अडतंच. शिवाय भरवसा कशाचा? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठाक होतं. पर्यटक तपकिरी गवतावर उभे राहून फोटो काढत होते. औलीलाही बर्फ नाही म्हणून स्पर्धा रद्द झाल्यात. मास्तरचं तुम्ही बरोबर बोललात. तो आधी पक्का केल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. पण शिकायला तीन-चार तास कमी पडतील हे मान्य नाही. पहिल्या दिवशी त्याहून जास्त कुणाच्या मांड्या टिकतच नाहीत. पहिला धडा काय असतो माहितेय? दोन्ही पट्ट्यांची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, त्रिकोण करायचा. त्याला ते बर्फाचा नांगर म्हणतात. माझ्या डोळ्यापुढे आजोबांचा वखर आला. पास जितकी दाबून धराल तितकी ती माती ओढते आणि बैल मंदावतात. इथेही तसंच, आतल्या कडेवर जितका भार द्याल तितका वेग कमी. त्या एका त्रिकोणात थांबणं, वळणं, भीती आवरणं सगळं आलं.

आणि इजेचं म्हणाल तर ते माझंच खातं आहे. स्कीचा बूट घोटा असा आवळून धरतो की घोटा मुरगळतच नाही. मग पिळा कुठे जातो? वरच्या सांध्यात. म्हणून गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं ही या खेळातली नेहमीची दुखापत. त्यावर उपाय म्हणजे बूट आणि पट्टी जोडणारा खटका. ठरावीक जोर आला की तो सुटतो आणि पाय मोकळा होतो. तो किती जोराला सुटावा याचा आकडा दुकानदार तुमचं वजन, उंची, वय आणि सराव विचारून बसवतो. आमच्याकडे काय होतं, बायका वजन पाच किलो कमी सांगतात आणि पुरुष सराव जास्त सांगतात. वजन लपवलं तर खटका नको तेव्हा सुटतो. सरावाची फुशारकी मारली तर हवा तेव्हा सुटत नाही. मी घरात दोघांनाही दम दिलाय. तीन महिने झाले, रोज दवाखान्याचे पाच मजले जिन्याने चढते. उतरते ते जास्त महत्त्वाचं. सावंगीत दुसरा डोंगर आणायचा कुठून?

शंकेखोर : गुडघ्यांवर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण फुप्फुसं आणि रक्त? आपण समुद्रसपाटीपासून अडीच-तीनशे मीटरवर राहणारी माणसं. हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, फक्त दाब उतरतो. सव्वातीन हजार मीटरवर तो इथल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भरतो. मुक्काम खाली दीड हजारावर करणार, ते ठीक. विमा काढणार, तोही व्हिसासाठी ३०,००० युरोचा काढावाच लागतो. पण त्या विम्यात स्कीइंग धरलंय का ते बारीक अक्षरात वाच. पुष्कळदा धरलेलं नसतं, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवल्याचं बिल वेगळंच येतं. हे सगळं तू करशीलच. मला दुसरंच विचारायचंय. तू तर दवाखान्यातली. पोराची सिकलसेलची तपासणी केलीस का?

हौशी : माझी झालीय. लग्नाआधीच. मी वाहक नाही.

शंकेखोर : तुझी नाही विचारली.

हौशी : ...ह्यांची कधी केलेली नाही. म्हणजे पोराचंही माहीत नाही.

शंकेखोर : विदर्भात राहून! वर्ध्यात, नागपुरात, गडचिरोलीत ज्याचे कॅम्प लागतात, ज्याच्यासाठी २०२३ च्या जुलैत देशभराचं अभियान सुरू झालं, ते तपासायचं राहिलं आणि तू आधी बुटांचे नंबर काढलेस.

हौशी : बोला, बोलायचा अधिकार आहे तुम्हाला. मी रोज लोकांना सांगते आणि घरात अंधार. नेमकं काय होऊ शकतं तेही सांगते, म्हणजे उगाच घबराट नको. दोन्हीकडून दोष आलेला रुग्ण असेल तर इतक्या उंचीचा विचारच सोडून द्यायचा. पण मी वाहक नाही, म्हणजे पोरगा फार तर वाहक असेल, आणि वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, खेळतो, पळतो. उंचीवरही बहुतेकांना काही होत नाही. पण ऑक्सिजन कमी पडला, अंगावर ताण आला, पाणी कमी प्यालं, की काही वाहकांच्या प्लीहेत रक्त अडकून तिचा भाग मेल्याच्या नोंदी आहेत. डाव्या बरगडीखाली जीवघेणी कळ. तिथल्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही, कारण त्याच्या खोऱ्यात हा आजार रोज दिसत नाही. आम्हाला सुचेल, पण आम्ही सावंगीत. उद्याच दोघांचं रक्त देते.

(दोघांनाही मी ओळखतो, म्हणून नावं गाळली आहेत. एवढंच सांगतो की यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग बोलले ते भलत्याच विषयावर. व्हिसाचं उरलेलं काम, थालीपिठाची भाजणी, हातमोजे भाड्याने की विकत, हे सगळं त्या दिवशी झालं. ते मी सोडून देतो.)

शंकेखोर : तू हिमनदी हिमनदी म्हणतेस ती आहे किती, हे पाहिलंस? स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा दहा टक्के बर्फ २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत गेला. तू सोडलंस ते झर्माट. तिथलं उन्हाळी स्कीइंग २०२२ च्या जुलैअखेरीस थांबवावं लागलं होतं. ऱ्होन नदी जिथे उगम पावते तिथे उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरं जाड कापड अंथरतात. काही स्कीच्या हिमनद्यांवरही तेच करतात. माझ्या डोळ्यांना ते कसं दिसतं सांगू? तुमच्या वॉर्डातल्या पलंगासारखं. आता हिशेब ऐक. ब्रेमेन आणि इन्सब्रुकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं की हवेत सोडलेल्या एका किलो कार्बन डायऑक्साइडमागे पुढेमागे १५ किलो हिमनदी वितळते. मुंबई ते म्युनिक जाऊन-येऊन माणशी टनभराच्या आसपास धर. तुम्ही तिघं. ४५ टन बर्फ. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर. असे साडेचार टँकर. ज्याला भेटायला निघालीस त्याच्याच अंगातून काढून.

हौशी : गणित बरोबर आहे, पण बिल चुकीच्या पत्त्यावर आलंय. तो बर्फ माझ्या तीन तिकिटांनी वितळला नाही. ज्यांनी शे-दीडशे वर्षं कोळसा जाळला, आणि जे दर शनिवारी मोटार काढून त्याच उतारावर येतात, त्यांना तुम्ही काही म्हणत नाही. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास सोडतो. त्यातला चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राचा वाटा कुणाच्या पंख्यासाठी, कुणाच्या एसीसाठी, ते सोडा. इथे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमच्या दवाखान्यात उन्हाने कोसळलेली माणसं येतात. त्या उन्हातल्या बाईने आयुष्यात एकदा थंडीकडे जायचं म्हटलं की लगेच पृथ्वीचा हिशेब! आणि आता सेवाग्राम काढू नका.

शंकेखोर : काढणार नव्हतो. पण तूच काढलंस, तर बापूही गेले होते स्वित्झर्लंडला. डिसेंबर १९३१, गोलमेज परिषदेहून परतताना. जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हिलनव्हला रोमाँ रोलाँकडे राहिले. समोर सगळे पांढरे डोंगर. एका माणसाला भेटायला गेले, भेटले, परत आले.

हौशी : मग मीही भेटायलाच चाललेय.

शंकेखोर : भेटायला जाणारा आजारी माणसाच्या पलंगावर उड्या मारत नाही. आता तू म्हणशील विमान मी नसले तरी उडणारच. एका मताने सरकार पडत नाही म्हणून मतदानाला जायचं नाही, असं तू कधी म्हणालेली मी ऐकलं नाही. बाकी पत्त्याचं तू म्हणतेस ते मला पटतं. बिल मुख्यतः तिकडचंच. पण तिकडच्यांचं चुकलं म्हणून त्यांची हौस आपण उचलायची, हे कसं? ही स्कीची हौस आपल्या मातीतली तरी आहे का?

हौशी : त्यांच्याही मातीतली नाही! स्की नॉर्वेचं. आल्प्समधल्या लोकांनी ते शे-सव्वाशे वर्षांपूर्वी उचललं. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल १८९४ मध्ये दाव्होसहून डोंगर ओलांडून आरोसाला गेला आणि त्यावर लेख लिहून त्याने इंग्रजांना वेड लावलं. मातीचा मुद्दा सोडा. पलंगाचा मात्र सोडू नका, तो मला लागलाय. म्हणून त्यावरच बोलते. मी रोज वॉर्डात असते. ज्याला भेटायला कुणी येत नाही त्या पेशंटचं काय होतं ते मी पाहते. त्याची फाईल मागे पडते. नातेवाईक भांडतात, त्रास देतात, सफरचंदं आणून पलंगाखाली कुजवतात, पण त्यांच्यामुळेच त्याच्याकडे लक्ष राहतं. हिमनदीवर जो उभा राहिलाय, तिच्यावरून ज्याचं पोर पहिल्यांदा पाच मीटर न पडता गेलंय, त्याला ती गेल्याचं दुःख होईल. तुमच्या फळ्यावरच्या हिमनदीचं दुःख कुणाला झालंय? माझ्या वर्गात तुम्हीच शिकवलंत : हिमगव्हर, शूककूट, गिरिशृंग, हिमोढ. मला सगळे शब्द पाठ आहेत. पण ते जाणार म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. परीक्षेत चार मार्कांना येत होते.

शंकेखोर : हे मात्र खरं. मलाही ते चार मार्कांचेच होते. हिमोढ काढताना मी खडूच्या टोकाने ठिपके द्यायचो, गोटे म्हणून. ते गोटे हाताला कसे लागतात, मला माहीत नाही. पण तुझ्या म्हणण्यात एक भोक आहे. ज्यांनी त्या बर्फावर सगळ्यात जास्त प्रेम केलं तेच स्कीवाले. आणि २०२३ च्या शरदात झर्माटच्या वर, थेओडुल हिमनदीवर, विश्वचषकाची शर्यत बसावी म्हणून खोदाईची यंत्रं चढली. भेगा बुजवल्या, बर्फ उकरला. ते दुष्ट नव्हते; त्यांना तिथे घसरायचं होतं. भेटायला येणाऱ्याचं प्रेम आणि तिथे मजा करायची त्याची गरज, यातलं कोणतं वरचढ ठरेल हे आधी सांगता येत नाही. त्यात डोंगरही आता पूर्वीचा राहिलेला नाही. २८ मे २०२५ ला, म्हणजे नेमकं नवतप्यात, बिर्श हिमनदी कोसळून ब्लाटन नावाचं गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. तीनशेएक माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली. दगडांना धरून ठेवणारं गोठण सुटतंय. तू जाणार ती जागा वेगळी, तिथे असं होईल असं मी म्हणत नाही. पण तू ज्याला नऊ दिवसांची सुट्टी म्हणतेस ते त्या खोऱ्यातल्या माणसाच्या अंगणात चाललंय.

हौशी : त्याच माणसाचं घर माझ्यासारखीने दिलेल्या भाड्यावर चालतं, हेही धरा.

शंकेखोर : धरलं. म्हणूनच मी जाऊ नकोस म्हटलेलं नाही, पहिल्यापासून बघ. मी म्हणतो तू दोन गोष्टींची मोट बांधलीस. एक, स्की शिकणं. त्याला हिमनदीची गरज नाही, दीड हजार मीटरवरचा जानेवारी पुरतो. दुसरं, हिमनदी पाहणं. त्याला स्कीची गरज नाही, पायात जाड बूट आणि एक सकाळ पुरते. शाळेच्या सुट्टीने दोन्ही एकत्र आणल्या आणि तुला वाटतंय की तुला एकच गोष्ट हवी आहे.

हौशी : जानेवारी मला मिळणार नाही हे तुम्ही दरवेळी विसरता. माझ्या हातात मे आहे. उरलेल्या पाच वर्षांत पाच मे. आणि दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुम्हाला इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण तुम्ही दोन्ही केलेल्या नाहीत.

शंकेखोर : तूही केलेल्या नाहीस.

हौशी : म्हणून तर जायचंय. उभं राहिल्यावर कळेल की मी भेटायला आलेय की उड्या मारायला. इथे बसून कळणार नाही. तुमचं म्हणणं असं दिसतं की ते कळण्यासाठी साडेचार टँकर फार झाले.

शंकेखोर : माझं म्हणणं असं की टँकर आधी ओतावे लागतात आणि कळतं नंतर. आणि रिपोर्ट? तो कधी?

हौशी : उद्या रक्त दिलं तर शुक्रवारी. विमानाचं भाडं गुरुवार रात्रीपर्यंत धरून ठेवलंय.

शंकेखोर : म्हणजे एक दिवस आधी.

हौशी : हो. लॅबमध्ये विचारून बघते, लवकर देतात का. पोरगा वाहक निघाला तर बहुधा खाली गावातच राहू, दीड हजारावर. तिथूनही वर पाहिलं तर दिसतेच म्हणे. मग तुमचा पलंगाचा प्रश्नही मिटला.

शंकेखोर : मिटत नाही. विमान तर तेवढंच उडणार. आणि रिपोर्ट चांगला आला तर काय सांगायचं तुला, तेही माझं ठरत नाहीये. मलाही शुक्रवारपर्यंत वेळ दे.